प्रोमोवरून टास्कचा निकाल ओळखायचाय? मग चेहरे सगळ्यात शेवटी बघा

दर आठवड्याला हेच होतं. 'बिग बॉस मराठी'च्या कॅप्टन्सी टास्कचा, म्हणजे घराचा नवा कॅप्टन ठरवणाऱ्या खेळाचा, प्रोमो येतो. त्यात कोणीतरी ढसाढसा रडत असतं, कोणीतरी मूठ वर करून ओरडत असतं. पाच मिनिटांत ग्रुपवर निकाल लागून मोकळा: रडणारी हरली, ओरडणारा कॅप्टन. रात्री एपिसोड बघावा, तर रडणारीच कॅप्टन झालेली असते आणि ओरडणारा दुसऱ्याच फेरीत बाद झालेला असतो.

लोक म्हणतात, प्रोमो फसवतो. माझं म्हणणं असं, की आपण तो चुकीच्या क्रमाने बघतो. प्रोमो कापणाऱ्याला एपिसोड बघायला लावायचा असतो, म्हणून तो भावना पुढे ठेवतो आणि निकाल झाकतो. पण मागे किती खुर्च्या उरल्या, गुडघ्यावर पॅड आहे का, दिवे लागलेत का, हे सगळं त्याला प्रत्येक शॉटमधून पुसता येत नाही. अंदाज बांधायचा तो त्यावर. पहिल्या पर्वापासून, म्हणजे एप्रिल २०१८ पासून, मी प्रोमोंची वही ठेवते आहे. पुढचे टप्पे त्या वहीतल्या चुकांमधून आले आहेत. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका, कारण सगळी गोम क्रमातच आहे.

## टप्पा १ : प्रोमो लावण्याआधी

वहीचं एक पान घ्या आणि तीन गोष्टी लिहा.

पहिली गोष्ट, नियम. आदल्या भागात टास्कचं पत्र वाचलं गेलं असेल तर तो तुकडा पुन्हा ऐका. किती फेऱ्या, बाद कोण करणार, बझर वाजल्यावर काय मोजणार, संचालक (टास्कमध्ये निर्णय देणारा स्पर्धक) कोण, हे नेमकं लिहा. पत्र अजून वाचलं गेलं नसेल तर 'नियम माहीत नाहीत' एवढंच लिहा. स्वतःच्या मनाने नियम रचू नका. मागच्या पर्वात असाच टास्क होता म्हणून याही वेळी तेच नियम असतील, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

दुसरी, उमेदवार. कॅप्टन्सीच्या शर्यतीत सगळं घर नसतं. आधीच्या टास्कमधून कोण पात्र ठरलं ती नावं लिहा. कित्येकदा लोक ज्याच्यावर पैज लावतात तो उमेदवारच नसतो, नुसता मदतीला धावत असतो.

तिसरी, प्रोमो कुठला आहे. एपिसोडच्या शेवटी 'उद्याच्या भागात' म्हणून येणारा तुकडा सहसा एकाच दिवसाचा असतो. दिवसा सोशल मीडियावर येणारा छोटा प्रोमो बहुधा एकाच भांडणाचा असतो. आठवड्याच्या शेवटचा प्रोमो सगळ्यात कठीण, कारण त्यात पाच-सहा दिवसांचे तुकडे एकत्र शिवलेले असतात. पाचव्या पर्वात 'भाऊचा धक्का' या आठवड्याच्या शेवटच्या भागाच्या प्रोमोत सूत्रसंचालक रितेश देशमुख बोलत असताना मधे टास्कचे जुने शॉट दिसले, की अनेकांना ते नवेच वाटायचे.

तपासणी: पानावर उमेदवारांची नावं नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : आवाज बंद करून शॉटची यादी

प्रोमो यूट्यूबवर, शक्यतो कॉम्प्युटरवर बघा. मोबाइलवरचा उभा व्हिडिओ दोन्ही बाजूंनी कापलेला असतो, आणि आपल्याला हवी ती गोष्ट बहुतेक वेळा कडेलाच असते. व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाने मागे. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं असतं, म्हणजे तीस सेकंदांचा प्रोमो साडेसातशे फ्रेमचा. सगळ्या बघायची गरज नाही. जिथे शॉट बदलतो तिथे थांबा आणि प्रत्येक शॉटला नंबर द्या.

आवाज बंदच ठेवा. मागचं संगीत कानावर पडलं की आपण नकळत त्याच्या तालावर निष्कर्ष काढतो. ढोल वाजला की विजय, पियानो वाजला की पराभव. संगीत नंतर घातलेलं असतं, घरात ते कोणी ऐकलेलं नसतं.

प्रत्येक शॉटसमोर चारच गोष्टी लिहा : कोण दिसतंय, अंगावर काय आहे, जागा कुठली, मागे काय दिसतंय. 'चिडलाय', 'खूश आहे' असे शब्द या यादीत येऊ द्यायचे नाहीत.

सावध : शॉट कधीकधी आरशासारखा उलटा केलेला असतो. टी-शर्टवरची अक्षरं, केसांचा भांग, कुठल्या हातात घड्याळ आहे, हे एकदा पडताळा. नाहीतर डावी टीम उजवी समजाल.

## टप्पा ३ : शॉट वेळेच्या क्रमाने लावा

प्रोमोतला क्रम हा घडण्याचा क्रम नसतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बघताना सगळे विसरतात. शॉट ७ नंतर शॉट ८ दिसला म्हणजे आठव्यातलं रडणं सातव्यातल्या धक्क्यामुळे, असं मन आपोआप जोडून घेतं. ते तोडायचं आणि शॉट खऱ्या वेळेप्रमाणे लावायचे. त्यासाठी बघायचं ते असं :

कपडे. घराला उठवणाऱ्या सकाळच्या गाण्यानंतर कपडे बदलतात, त्यामुळे वेगळे कपडे म्हणजे बहुधा वेगळा दिवस. नुसता टी-शर्ट बघू नका, कानातलं, केसांचा रबर, बूट बघा. टी-शर्ट पुन्हा घातला जाऊ शकतो, पण तेच कानातलं, तोच रबर आणि तेच बूट एकत्र जुळणं अवघड.

उजेड. बागेत ऊन आहे, संध्याकाळ आहे, की मोठे दिवे लागलेत? लिव्हिंग रूममध्ये हे कळणं कठीण, पण मागे काचेतून बाग दिसत असेल तर कळतं.

अंग. घाम, मातीचे डाग, रंग, ओले केस. या गोष्टी टास्कमध्ये वाढतच जातात. स्वच्छ टी-शर्टचा शॉट आधीचा, मळलेला नंतरचा.

सामान. एल्बो पॅड, नी पॅड, टीमचा पट्टा, बिब. पॅड चढवलेलं माणूस टास्कमध्ये आहे किंवा नुकतंच बाहेर आलं आहे.

एका पर्वात मी इथेच आपटले होते. एक स्पर्धक डोळे पुसत होती आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये तिचा प्रतिस्पर्धी मिठी मारत होता. मी छातीठोकपणे सांगितलं, ती हरली. रडण्याच्या शॉटमध्ये तिच्या कानात मोठे झुमके होते. टास्कच्या एकाही शॉटमध्ये ते नव्हते, आणि धक्काबुक्कीच्या टास्कमध्ये झुमके घालून कोण उतरतं? ते रडणं दुसऱ्याच दिवसाचं होतं, घरच्यांच्या आठवणीचं. मी झुमके बघितले होते, पण लिहून ठेवले नव्हते.

तपासणी : ज्या शॉटची वेळ ठरवता येत नाही त्यासमोर प्रश्नचिन्ह टाका. एखादा प्रोमो प्रश्नचिन्हांनीच भरला असेल तर त्यावर अंदाज बांधू नये.

## टप्पा ४ : मोजा

टास्कमध्ये जे घटतं किंवा वाढतं ते मोजायचं. खुर्च्या, झेंडे, विटा, भरलेली पाण्याची टाकी, फळ्यावरचे आकडे, दोरीच्या बाहेर उभी असलेली माणसं. हा टप्पा नीट कळावा म्हणून एक टास्क पूर्ण सोडवून दाखवते. टास्क आणि माणसं कल्पनेतली आहेत, पद्धत तीच.

सहा उमेदवार, संगीत खुर्ची. पहिल्या फेरीत पाच खुर्च्या. प्रत्येक फेरीत ज्याला खुर्ची मिळत नाही तो बाद होऊन दोरीबाहेर, आणि एक खुर्ची कमी. खेळणाऱ्याने टास्क चालू असताना बाग सोडायची नाही. उमेदवार कपड्यांवरून ओळखू : हिरवा कुर्ता, पिवळा अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, मरून टॉप, पांढरा शर्ट, निळं जॅकेट, काळा ट्रॅकसूट.

शॉट ३ मध्ये खेळाची जागा पूर्ण दिसते, त्यात चार खुर्च्या आहेत आणि हिरवा कुर्ता दोरीबाहेर. चार खुर्च्या म्हणजे पाच जण खेळतायत, एकच बाद. तो हिरवा.

शॉट ७ मध्ये पिवळा टी-शर्ट कॅमेऱ्याकडे तोंड करून ओरडतोय. सगळ्या ग्रुपने हाच शॉट धरून ठेवलेला असतो. आपण त्याच्या खांद्यामागे बघायचं : मागची जागा पूर्ण दिसतेय, त्यात धूसर दोनच खुर्च्या, दोरीच्या पलीकडे पांढरी बाही, वर दिवे लागलेले. दोन खुर्च्या म्हणजे तिघं खेळतायत, तिघं बाद. पिवळा दोरीच्या आत, म्हणजे खेळात. हिरवा आणि पांढरा बाद. तिसरा बाद कोण?

शॉट ११ मध्ये मरून टॉप लिव्हिंग रूमच्या सोफ्यावर रडतेय. गुडघ्यावर पॅड तसेच. मागच्या काचेतून बाग दिसते, बागेत ऊन आहे आणि खुर्च्यांभोवती माणसं फिरतायत. टास्क चालू आहे आणि ती आत आहे, म्हणजे ती बाद. ऊन आहे, म्हणजे हे शॉट ७ च्या आधीचं. तिसरी बाद सापडली.

उरले पिवळा, निळं, काळा. प्रोमोत निकालाचा एकही शॉट नसताना सहावरून तिघांवर आलो, ते केवळ मोजून.

शॉट १३ मध्ये फक्त हात दिसतात. एका खुर्चीच्या पाठीवर काळी पूर्ण बाही आणि समोरून उघडा हात. उघडा हात पिवळ्याचा असणार, कारण निळ्या जॅकेटला पूर्ण बाह्या आहेत. जॅकेट मधेच काढलं असेल का? आधीचे शॉट बघा, ते कुठे कमरेला बांधलेलं दिसतं का. दिसत नाही. मग ही शेवटची फेरी आहे का? तसं म्हणता येत नाही, कारण फ्रेममध्ये एकच खुर्ची आहे, पण दुसरी बाहेर असू शकते. तिघं खेळत असतील तर निळं जॅकेट दुसऱ्या खुर्चीवर आरामात बसलेलंही असेल. म्हणून निळ्याला शून्य द्यायचं नाही. जिंकण्याच्या शक्यतेचा माझा आकडा, शंभरपैकी : पिवळा ४०, काळा ४०, निळं २०.

सावध : मोजताना 'दिसत नाही' आणि 'नाही' यांत गल्लत करू नका. फ्रेममध्ये दोन खुर्च्या दिसल्या म्हणजे कमीत कमी दोन आहेत. दोनच आहेत असं म्हणायला मागची मोकळी जागा पूर्ण दिसली पाहिजे.

## टप्पा ५ : आता आवाज लावा, पण ओठ बघत

हेडफोन लावा. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा : हे बोलताना ओठ दिसतायत का? वाक्य सुरू होताना ओठ दिसले आणि शेवट येईपर्यंत चित्र दुसऱ्याच्या चेहऱ्यावर गेलं, तर त्या शेवटावर विश्वास ठेवायचा नाही.

मराठीत हे जास्तच सांभाळावं लागतं, कारण आपल्या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा शेवटी ठरतो. 'मी हे टास्क सोडणार' इथे कात्री लागली की 'नाही' गळून पडतं. 'मी जिंकलो असतो' मधलं 'असतो' कापलं की पराभवाचा विजय होतो. 'ती कॅप्टन झाली तर मी तिचं ऐकणार नाही' यातले पहिले तीन शब्द ठेवले की निकालच जाहीर होतो. वाक्य संपताना आवाज खाली उतरतो. कापलेल्या वाक्याचा सूर वरच लटकत राहतो, किंवा त्याच क्षणी धाडकन संगीत येतं. असं वाक्य वहीत लिहिताना शेवटी तीन टिंबं द्या आणि ते पुरावा म्हणून वापरू नका.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. पडद्याबाहेरून 'जिंकले!' असं ऐकू आलं तर ते कोणाचं? बाई स्वतःबद्दल म्हणेल 'मी जिंकले', समोरच्या टीमबद्दल कोणीही म्हणेल 'ते जिंकले', आणि वयाने मोठ्या स्पर्धकाबद्दल आदराने 'दादा जिंकले'. 'जिंकलो' म्हणजे एकटा पुरुष किंवा अख्खी टीम, त्यात बायकाही आल्या. विदर्भाकडची स्पर्धक असेल तर ती 'मी जिंकली' म्हणेल, आणि सुरुवातीचा 'मी' कापला की ते दुसरीबद्दल बोलल्यासारखं वाटतं. म्हणून कोण कसं बोलतं, हे पहिल्या आठवड्यापासून ऐकून ठेवा. नंतर फार उपयोगी पडतं.

पडद्यावरच्या मजकुरातून काही काढू नका. 'कोण होणार घराचा नवा कॅप्टन?' यातला 'नवा' पुरुषासाठी म्हणून लिहिलेला नसतो. त्यासोबत दोन चेहरे समोरासमोर लावले म्हणजे तेच दोघं शेवटच्या फेरीत आहेत, असंही नाही. बहुतेक वेळा त्या दोघांचं भांडण झालेलं असतं, एवढंच.

## टप्पा ६ : चेहरे

आता बघा. इतका वेळ थांबल्याचा फायदा हा, की चेहरा कुठल्या वेळचा आहे ते तुमच्याकडे लिहिलेलं आहे. ज्या चेहऱ्याची वेळ आणि जागा टास्कच्या शॉटशी जुळते तेवढाच वापरायचा. तोंडावर हात ठेवून बघणारे, टाळ्या वाजवणारे, मान फिरवणारे असे सुटे शॉट कुठूनही आणून लावता येतात.

एक खूण मात्र मी मानते, तीही हलक्या हाताने. जिंकणाऱ्याचे आनंदाचे शॉट प्रोमोत ठेवले तर निकाल फुटतो, म्हणून जो उमेदवार टास्कच्या सुरुवातीला ठळक दिसतो आणि शेवटच्या फेऱ्यांतून गायब होतो, त्याच्याकडे थोडं जास्त लक्ष द्यावं. पण तो लवकर बाद झाला म्हणूनही गायब असू शकतो. टप्पा ४ मध्ये तो बाद झाल्याचं सापडलं नसेल तरच त्याचा आकडा पाच-दहाने वाढवा.

## टप्पा ७ : संचालक आणि रद्द होण्याची शक्यता

अंदाज चुकवणारी सगळ्यात मोठी गोष्ट इथे आहे, आणि बहुतेक लोक तिला जागाच देत नाहीत. टास्क ठरल्याप्रमाणे संपेल, असं कोणी सांगितलंय? संचालक एका बाजूला झुकतो, निर्णयच देत नाही, किंवा टास्कच्या सामानाची मोडतोड होऊन टास्क रद्द होतं. मारामारी झाली तर सगळंच बदलतं. पाचव्या पर्वात, २०२४ मध्ये, कॅप्टन्सीच्या टास्कमधल्या थप्पडेवरून एका स्पर्धकाला घराबाहेर जावं लागलं, आणि टास्क कोण जिंकलं हा प्रश्न त्या आठवड्यात मागेच पडला.

म्हणून उमेदवारांच्या नावांखाली 'रद्द किंवा निकाल नाही' ही एक ओळ कायम ठेवा. संचालकाभोवती घोळका, हातात नियमांचं पत्र, जमिनीवर तुटलेलं सामान आणि तरी सगळे उभे, असे शॉट असतील तर या ओळीला २०-२५ द्या. तसं काही नसेल तर पाच. वरच्या खुर्चीच्या टास्कमध्ये पाच इथे ठेवायचे, मग पिवळा ३८, काळा ३८, निळं १९.

## टप्पा ८ : अंदाज वेळेसकट लिहा

आकडे लिहा, बेरीज शंभर करा, बाजूला तारीख-वेळ टाका. 'मला वाटलंच होतं' ही सवय त्याशिवाय सुटत नाही.

हे लिहून होईपर्यंत बाहेर फुटलेल्या बातम्या वाचू नका. टास्क प्रसारणाच्या आधी घडलेलं असतं, त्यामुळे निकाल बाहेर येतोच. तो वाचून केलेला अंदाज प्रोमोवरचा अंदाज नाही. याच कारणाने पैसे लावू नका. समोरच्याला निकाल आधीच माहीत असू शकतो आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

'खतरों के खिलाडी'सारख्या स्टंटच्या कार्यक्रमात हा धोका दुप्पट. 'बिग बॉस मराठी'च्या दुसऱ्या पर्वाचा विजेता शिव ठाकरे त्याच्या ज्या तेराव्या पर्वात होता त्याचं शूटिंग केपटाऊनला आधीच उरकलं होतं आणि प्रसारण जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. तिथे स्टंटचा निकाल बहुधा घड्याळावर लागतो. गोळा केलेले झेंडे तुम्ही मोजू शकाल, पण वेळ दिसत नाही, आणि प्रोमोत स्लो मोशन असल्यावर कोण वेगवान होतं ते डोळ्यांना कळत नाही. तिथे मी कोणालाही ५० च्या वर देत नाही.

## एपिसोडनंतर

त्याच रात्री वही उघडा. हिशेब सोपा आहे, हवामानाच्या अंदाजांसाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेल्या पद्धतीवर बेतलेला. ज्याला सर्वात जास्त आकडा दिला तो जिंकला तर एकातून तो आकडा वजा करून वर्ग करा, हरला तर नुसता त्या आकड्याचा वर्ग. ७० टक्के, म्हणजे ०.७, म्हणालात आणि बरोबर आलं तर ०.०९, चुकलं तर ०.४९. जितकं कमी तितकं चांगलं. दर वेळी डोळे मिटून ५० म्हणणाऱ्याचे ०.२५ होतात, त्यामुळे तुमची सरासरी त्याच्या खाली हवी.

दोन-तीन आठवड्यांवरून स्वतःला हुशार किंवा मठ्ठ ठरवू नका. पाचवं पर्व ७० दिवसांत संपलं, म्हणजे अख्ख्या पर्वात कॅप्टन्सीचे निकाल फार तर दहाच्या आसपास. नॉमिनेशनचे, म्हणजे घराबाहेर जाण्याच्या यादीत कोण येणार ते ठरवणारे, टास्क धरले तर जरा जास्त.

चुकलात तर नुसती फुली मारून सोडू नका. एपिसोड पुन्हा लावा आणि प्रोमोतला प्रत्येक शॉट त्यात कुठे आला ते शोधा. शॉटच्या नंबरसमोर खरी वेळ लिहा. दोन नंबर सापडणारच नाहीत, कारण प्रोमोतले काही शॉट एपिसोडमध्ये येतच नाहीत. ते वेगळ्या रंगाने खुणा करून ठेवा. ज्या शॉटने फसवलं त्याच्यापुढे एका शब्दात कारण लिहा : झुमके, आरसा, 'तर', काच. पुढचा प्रोमो आला की टप्पा १ आधी ही कारणं एकदा वाचायची.